जनरल वैद्यांची पदकं वाचताना

शाळेत इतिहास शिकवायचो तेव्हा मुलांच्या निबंधात एक वाक्य हमखास यायचं. 'त्यांना अनेक शौर्यपदकांनी गौरविण्यात आले.' कोणती पदकं, कधी, कशाबद्दल, काही पत्ता नाही. मुलांना तरी काय बोल लावणार? पाठ्यपुस्तकात तसंच, पंधरा ऑगस्टच्या भाषणात तसंच, वर्तमानपत्रातल्या पुण्यतिथीच्या मजकुरातही तसंच. 'अनेक' म्हटलं की पुढचं शोधायची जबाबदारी संपते. जनरल अरुणकुमार वैद्य यांच्याबद्दल हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की शेवटी एकदा बसून ती पदकं एकेक करून पाहायचं ठरवलं. पाहता पाहता जे लक्षात आलं ते इथे लिहून ठेवतो. घरातल्या धाकट्या मंडळींनी वाचलं तर बरंच.

लष्करी अधिकाऱ्याच्या नावापुढे पदकांची आद्याक्षरं लिहायची पद्धत आहे. वैद्यांच्या नावापुढे पीव्हीएसएम, एमव्हीसी आणि बार, एव्हीएसएम, एडीसी अशी अक्षरं असत. यातलं शेवटचं एडीसी हे पदक नव्हे. लष्करप्रमुख हा राष्ट्रपतींचा मानद परिसहायक असतो, त्याची ती खूण. उरली तीन नावं आणि एक 'बार'. परमविशिष्ट सेवा पदक, महावीरचक्र, अतिविशिष्ट सेवा पदक. दिसायला चार-पाच अक्षरांच्या या जुड्या अगदी एकसारख्या, पण त्या एका जातीच्या नाहीत, आणि सगळी गंमत (खरं तर गंमत म्हणू नये) तिथेच आहे.

आधी थोडं पदकांविषयी. स्वतंत्र भारताची युद्धातली शौर्यपदकं तीन: परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र. ती २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी सुरू झाली, पण लागू केली गेली १५ ऑगस्ट १९४७ पासून, कारण तोपर्यंत काश्मीरची लढाई होऊन गेली होती. या पदकांची चित्रं कुणी काढली हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असतं. ती काढली सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या स्वित्झर्लंडच्या, माहेरचं नाव ईव्ह. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांच्यावर पदकांच्या आराखड्याचं काम सोपवलं. परमवीरचक्रावर त्यांनी इंद्राचं वज्र घेतलं, म्हणजे दधीची ऋषींनी आपली हाडं दिली त्यापासून केलेलं. आपल्यातल्या किती जणींना-जणांना दधीचीची गोष्ट नीट सांगता येईल, हा प्रश्न मी इथेच सोडून देतो.

महावीरचक्र चांदीचं असतं, गोल, त्यावर पंचकोनी तारा आणि मधोमध राजमुद्रा. फीत अर्धी पांढरी आणि अर्धी केशरी. हे पदक 'शत्रूच्या समोर' दाखवलेल्या शौर्यासाठीच मिळतं. हे दोन शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

आणि 'बार' म्हणजे काय? एकाच माणसाला तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं तर त्याला दुसरं चक्र देत नाहीत. पहिल्या पदकाच्या फितीवर एक आडवी पट्टी बसवतात, तिला बार म्हणतात. नुसती फीत लावायची असेल तेव्हा तिच्यावर चक्राची छोटीशी प्रतिकृती लावतात. म्हणजे दुसरं शौर्य दिसायला पहिल्यापेक्षा लहान! महावीरचक्राचे मानकरी आजवर दोनशेच्या थोडे वरच आहेत. त्यांतल्या बार मिळवणाऱ्यांची संख्या सहा. राजिंदरसिंग 'स्पॅरो', चेवांग रिंचेन, संतसिंग आणि अरुणकुमार वैद्य हे चौघे सैन्यातले, जगमोहन नाथ आणि पद्मनाभ गौतम हे दोघे हवाई दलातले. बस्स, एवढेच. एखाद्या वर्गात मुलांना पाठ करायला लावावी इतकी लहान यादी.

वैद्यांचा जन्म १९२६ सालचा, अलिबागचा. १९४५ मध्ये ते डेक्कन हॉर्स या घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून रुजू झाले. रेजिमेंट जुनी, अठराव्या शतकाच्या अखेरीला हैदराबादेत निजामाकडे उभी राहिलेली. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१६ मध्ये, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत तिच्या स्वारांनी भाले घेऊन चढाई केली होती. पुढे घोडे गेले, रणगाडे आले, नावातला 'हॉर्स' मात्र राहिला. वैद्यांच्या वाट्याला रणगाडेच आले.

सप्टेंबर १९६५. मी तेव्हा हायस्कुलात होतो. रेडिओवर खेमकरण, कसूर, इच्छोगिल कालवा ही नावं ऐकून नकाशात शोधायचो. पण त्या शेतांमध्ये नेमकं काय झालं ते समजायला मला पुढची बरीच वर्षं लागली. झालं ते असं. ६ सप्टेंबरला आपल्या सैन्याने लाहोर आघाडीवर सरहद्द ओलांडली. खेमकरणच्या बाजूने मेजर जनरल गुरबक्षसिंग यांची चौथी माउंटन डिव्हिजन पुढे सरकली. डेक्कन हॉर्स तिच्याबरोबर होती आणि तिचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल वैद्य. ही चढाई फसली. एक-दोन दिवसांत डिव्हिजनला मागे यावं लागलं, आणि तेही बरंच नुकसान सोसून. विजयाची गोष्ट सांगताना हा भाग वगळायची आपल्याला सवय आहे. पण तो वगळला तर पुढच्या तीन दिवसांचं मोल कळत नाही.

मागे येऊन डिव्हिजनने असल उत्तर या गावाभोवती घोड्याच्या नालाच्या आकारात मोर्चे बांधले. आणि समोरून आली पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन. तिच्याकडे अमेरिकेने दिलेले पॅटन रणगाडे होते. पॅटनची तोफ ९० मिलिमीटरची, चिलखत जाड, रात्री पाहायची साधनं होती. वैद्यांकडे काय होतं? शेरमन, दुसऱ्या महायुद्धातले. तोफ लहान, चिलखत पातळ, वय वीस वर्षांहून जास्त. त्यांच्याबरोबर ब्रिगेडियर थिओगराज यांच्या ब्रिगेडमध्ये थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते, ते पॅटनच्या तोडीचे म्हणता येतील, आणि एट्थ कॅव्हलरीचे हलके फ्रेंच एएमएक्स. संख्येनेही आपण कमी.

शेरमनने समोरून पॅटनवर गोळा मारला तर तो चिलखतावरून निसटायची शक्यता मोठी. म्हणून समोरून मारायचंच नाही. उसाच्या फडात रणगाडे लपवून ठेवायचे, पॅटन पुढे येऊ द्यायचे, अगदी जवळ आले आणि त्यांची कूस दिसली की मग मारायचं. वाचायला सोपं वाटतं. पण विचार करा, आपल्यापेक्षा सरस रणगाडा चालून येतोय, इंजिनाची घरघर वाढत चालली आहे, आणि तोफची बोट चापावर ठेवून गप्प बसला आहे. त्याला गप्प बसवणारा अधिकारी कसा असेल? एका रणगाड्याने घाईने गोळा टाकला तर सगळ्यांच्या जागा उघड्या पडणार. अशा वेळी पलटणीच्या प्रमुखाचं काम म्हणजे माणसांना थांबवून धरणं. त्यासाठी तो त्यांच्यात असावा लागतो, मागे मुख्यालयाच्या तंबूत बसून ते होत नाही. कमांडिंग ऑफिसरचा रणगाडाही तशाच चिलखताचा असतो आणि त्यालाही तोच गोळा लागतो.

त्या भागात शेतांत पाणी सोडलेलं होतं, कालवे फोडले होते. चिखलात पॅटनचे पट्टे रुतायला लागले. ८, ९ आणि १० सप्टेंबर असे तीन दिवस एकामागून एक हल्ले आले आणि मोडले. १० तारखेला चीमा गावाजवळ चौथ्या ग्रेनेडिअर्सचा अब्दुल हमीद जीपवरच्या तोफेने रणगाड्यांमागून रणगाडे टिपत असताना मारला गेला, त्याला परमवीरचक्र मिळालं. अब्दुल हमीदचं नाव आपल्या पिढीतल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि ते योग्यच आहे. लढाई संपली तेव्हा पाकिस्तानचे नव्वदच्या वर रणगाडे त्या शेतांत निकामी झाले होते किंवा सोडून दिलेले होते. भारतीय पुस्तकांत सत्त्याण्णव हा आकडा येतो. ते ओढून आणून भिखीविंडजवळ ओळीने मांडले गेले आणि त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले. वैद्यांचं पहिलं महावीरचक्र या लढाईचं. थर्ड कॅव्हलरीचे सलीम कॅलेब आणि ब्रिगेडियर थिओगराज यांनाही महावीरचक्र मिळालं.

गंमत बघा, त्याच महिन्यात, तिथून उत्तरेला सियालकोट आघाडीवर दुसऱ्या एका रणगाडा रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल लढत होते. पूना हॉर्सचे अर्देशीर तारापोर, मुंबईचे. ते जखमी होऊनही मागे गेले नाहीत, १६ सप्टेंबरला मारले गेले आणि त्यांना परमवीरचक्र मिळालं. हुद्दा तोच, काम तेच, महिना तोच. एक जगला, एक गेला. पदकांची तुलना करू नये हे मला कळतं, पण शिक्षकाला तुलनेची खोड असते.

आता दुसरं, म्हणजे तो बार.

१९७१ पर्यंत वैद्य ब्रिगेडियर झाले होते आणि त्यांच्याकडे सोळावी स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड होती. म्हणजे एक रेजिमेंट नव्हे, अनेक. हॉडसन्स हॉर्स, पूना हॉर्स, सोळावी कॅव्हलरी. जागा: जम्मूच्या दक्षिणेला पाकिस्तानात घुसलेला, म्हणजे खरं तर आपल्याकडे फुगलेला शकरगडचा भाग. मेजर जनरल पिंटो यांच्या चोपन्नाव्या डिव्हिजनबरोबर ही ब्रिगेड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुढे निघाली. इथला शत्रू पॅटनपेक्षाही त्रासदायक होता, तो म्हणजे जमिनीत पेरलेले सुरुंग. शेकडो मीटर रुंदीचे पट्टेच्या पट्टे. आधी सॅपर लोकांनी रात्री पुढे जाऊन सुरुंग काढून चिंचोळी वाट करायची, मग त्या वाटेने रणगाडे एकामागे एक जायचे. वाट चुकली की पट्टा उडाला. आणि सॅपर हे काम करतात तेव्हा त्यांच्यावर तोफखाना चालूच असतो. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची नावं आपल्याला कुठल्याच धड्यात सापडत नाहीत.

चक्रा, देहलरा आणि मग बसंतर नदी. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळाने नदीपलीकडे जागा घेतली. सुरुंगांची वाट अजून पूर्ण झाली नव्हती, आणि पलीकडून पाकिस्तानी रणगाडे येत असल्याची चाहूल लागली होती. रणगाडे पोचले नाहीत तर पायदळ कापलं जाणार. वाट पूर्ण होईपर्यंत थांबायचं की अर्धवट वाटेवरून रणगाडे घालायचे? हनूतसिंगांच्या पूना हॉर्सचे रणगाडे अर्धवट वाटेवरूनच गेले आणि पोचले. १६ तारखेला दिवसभर पाकिस्तानच्या रणगाड्यांचे प्रतिहल्ले झाले आणि ते मोडून निघाले. याच दिवशी पूना हॉर्सचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पेटत्या रणगाड्यातून बाहेर पडायचा वायरलेसवरचा हुकूम न मानता लढत राहिला आणि गेला. वय एकवीस. जन्म पुण्याचा, १९५० सालचा. म्हणजे माझ्या वर्गातला मुलगा म्हणायला हरकत नाही. त्या डिसेंबरात मी बी.ए.च्या परीक्षेची टिपणं काढत होतो.

वैद्यांना महावीरचक्राचा बार मिळाला तो या मोहिमेसाठी. आता पाहा, १९६५ चं पदक आणि हा बार, कागदावर एकच गोष्ट दोनदा. पण १९६५ मध्ये ते स्वतःच्या एका पलटणीबरोबर उसात उभे होते, आणि स्वतःचा जीव जितका पणाला लागला होता तितकाच इतरांचा. १९७१ मध्ये त्यांच्या एका शब्दावर शेकडो माणसं सुरुंगांत जाणार होती. ते स्वतःही मागे राहिले नाहीत, पुढे जाऊन अडलेली चाकं हलवत राहिले, हे खरं. तरी ब्रिगेडियरच्या धैर्याचा मोठा भाग म्हणजे 'जा' म्हणणं आणि मग रात्रभर वायरलेसशी बसून कोण पोचलं ते ऐकणं. खेत्रपाल त्यांच्याच ब्रिगेडचा. असं धैर्य मोजायला त्या वेळी वेगळं पदकही नव्हतं. युद्धकाळातल्या नेतृत्वासाठी सर्वोत्तम, उत्तम आणि साधं अशी युद्धसेवा पदकं निघाली ती १९८० मध्ये. मला तो बार महावीरचक्रापेक्षा जड वाटतो, लहान असूनही. शकरगडमधली एकूण चढाई फार सावध आणि संथ झाली अशी टीका पुढे लष्करातल्याच जाणकारांनी केली आहे आणि ती मला पटते, पण ती टीका वरच्या पातळीवरच्या आखणीवर आहे. बसंतरच्या रात्रीवर ती नाही.

उरली सेवापदकं. विशिष्ट सेवा पदकाचे वर्ग १९६० मध्ये सुरू झाले, आधी पहिला-दुसरा-तिसरा अशी रुक्ष नावं होती, १९६७ मध्ये परमविशिष्ट, अतिविशिष्ट आणि विशिष्ट अशी झाली. फीत सोनेरी पिवळी, त्यावर गडद निळ्या रेघा. परमविशिष्टला एक, अतिविशिष्टला दोन, विशिष्टला तीन. रेघा वाढल्या की मान कमी, हे लक्षात ठेवायला सोपं. ही पदकं एका दिवसाची नसतात. वर्षानुवर्षं चोख काम केलं, मोठी जबाबदारी सांभाळली, त्याबद्दल दिली जातात, आणि परमविशिष्ट तर साधारणपणे अगदी वरच्या हुद्द्यावरच्यांनाच. वैद्यांना दोन्ही मिळाली. दरवर्षी प्रजासत्ताकदिनाला त्यांची मोठी यादी प्रसिद्ध होते.

आणि इथे मला एक गोष्ट खटकली ती सांगतो. छातीवर पदकं लावायचा क्रम सरकारने ठरवलेला आहे. त्या क्रमात परमविशिष्ट सेवा पदक महावीरचक्राच्या आधी येतं! म्हणून वैद्यांच्या नावापुढे पीव्हीएसएम पहिलं आणि असल उत्तर-बसंतर नंतर. माझ्या एका सैन्यातून निवृत्त झालेल्या स्नेह्यांना विचारलं तर ते हसले, म्हणाले, मास्तर, नोकरी सगळी मिळून मोजतात, लढाई तीन दिवसांचीच असते. उत्तर बिनतोड आहे. मला ते तरीही पटलेलं नाही.

वैद्य १९८३ मध्ये लष्करप्रमुख झाले. तेव्हाही थोडी खळखळ झाली होती. उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा त्यांच्याहून ज्येष्ठ होते. त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी नोकरी सोडली. पुढे ते आसामचे आणि जम्मू-काश्मीरचे राज्यपाल झाले. असो, तो वेगळा विषय.

जून १९८४ मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात सैन्य गेलं. ऑपरेशन ब्लू स्टार. प्रत्यक्ष जागेवर लेफ्टनंट जनरल सुंदरजी आणि मेजर जनरल ब्रार होते, पण लष्करप्रमुख वैद्य होते आणि प्रमुखाची जबाबदारी प्रमुखाकडेच जाते. हुकूम सरकारचा होता. त्या कारवाईत सैनिक मेले, मंदिरात आश्रयाला असलेले कितीतरी सामान्य भाविक मेले, अकाल तख्त उद्ध्वस्त झालं. शीख समाजाच्या मनातली ती जखम आजही भरलेली नाही. ३१ ऑक्टोबरला इंदिराजींची हत्या झाली आणि मग दिल्लीत शिखांचं जे शिरकाण झालं, ते तर आपण सर्वांनीच लाजेने मान खाली घालावी असं.

मला नकाशात पाहून सुचलं ते असं. असल उत्तर आज तरनतारन जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा २००६ मधला. १९६५ मध्ये ते गाव अमृतसर जिल्ह्यात होतं. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या रक्षणासाठी वैद्य उसात रणगाडे लपवून उभे राहिले, पहिलं महावीरचक्र ज्या मातीत मिळालं, त्याच जिल्ह्याच्या गावात एकोणीस वर्षांनी त्यांच्या हाताखालचे रणगाडे गेले. आणि महावीरचक्र दोनदा मिळवलेल्या सैन्यातल्या चौघांपैकी स्पॅरो आणि संतसिंग हे दोघे शीख.

वर 'शत्रूच्या समोर' हे दोन शब्द ध्यानात ठेवा म्हटलं होतं. ब्लू स्टारमधल्या काही सैनिकांना शौर्यपदकं मिळाली, पण ती महावीरचक्राच्या मालिकेतली नाहीत, अशोकचक्राच्या मालिकेतली. अशोक, कीर्ती आणि शौर्य ही चक्रं शत्रूसमोर नसलेल्या शौर्यासाठी असतात. म्हणजे निदान पदकांच्या नियमांत तरी देशाने आपल्याच माणसांना शत्रू म्हटलेलं नाही. कारकुनी भेद वाटेल कुणाला. मला तो फार मोठा वाटतो, कारण त्या वर्षी भाषणांतून आणि नाक्यानाक्यावरच्या गप्पांतून तो भेद पार पुसला गेला होता.

३१ जानेवारी १९८६ ला वैद्य निवृत्त झाले आणि पुण्यात राहायला आले. धमक्या होत्या, सगळ्यांना ठाऊक होतं. १० ऑगस्टला, रविवारी, बाजारहाट करून ते स्वतः मारुती गाडी चालवत घरी परत येत होते. शेजारी पत्नी भानुमतीबाई होत्या. मोटरसायकलवरून आलेल्यांनी जवळून गोळ्या झाडल्या. जनरल गेले, भानुमतीबाई जखमी झाल्या. निवृत्तीला सहा महिने आणि दहा दिवस झाले होते. सुखदेवसिंग सुखा आणि हरजिंदरसिंग जिंदा या दोघांना या खुनासाठी फाशीची शिक्षा झाली आणि ९ ऑक्टोबर १९९२ ला येरवड्यात ती अमलात आली.

त्या रविवारी संध्याकाळी रेडिओवर बातमी ऐकली तेव्हा मला सर्वात आधी आठवलं ते असल उत्तरच, कारण दुसऱ्याच आठवड्यात नववीला १९६५ चं युद्ध शिकवायचं होतं. धड्यात वैद्यांचं नाव नव्हतं. मी ते फळ्यावर लिहिलं, नावापुढची अक्षरंही लिहिली, आणि मुलांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं की मारले गेले त्याबद्दल त्यांना कोणतं पदक मिळणार. मी त्यांना सांगितलं की शौर्यपदक ज्या नियमांनी देतात त्यांत निवृत्त माणसाने भाजी घेऊन घरी येणं बसत नाही. एक मुलगी म्हणाली, पण सर, मारलं तर त्यांना जनरल म्हणूनच ना? तिच्या प्रश्नाला मी काहीतरी उत्तर दिलं, ते आता आठवत नाही. प्रश्न आठवतो.

पुण्यात भवानी पेठेत त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे. मुंबईत गोरेगाव-मालाडच्या पूर्वेला जनरल ए. के. वैद्य मार्ग आहे. आमच्या एका नातेवाइकांच्या पत्त्यात तो आहे आणि ते गेली कित्येक वर्षं हे नाव पाकिटावर लिहीत आले आहेत. मागे त्यांना मी हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाले, अरे, मला वाटायचं कुणी डॉक्टर असतील.

अहिल्यानगरला (म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला) लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ पासून ते सर्वांसाठी खुलं आहे. जमलं तर मुलांना घेऊन जा. तिथे शेरमन, सेंच्युरियन आणि पॅटन तिन्ही पाहायला मिळतात. आधी शेरमनजवळ उभे राहा, हात लावून पाहा, मग चालत पॅटनपाशी जा आणि त्याच्या समोर नाही, बाजूला उभे राहा. गोळा तिथेच मारायचा होता.